खालचा तुकडा

शेडमध्ये होज पाइप आडव्या दांड्यांवर वाळत टाकले होते आणि त्यांच्याखालून वाकूनच आत यावं लागत होतं. त्यामुळे त्या दिवशी घरातलं जे माणूस आलं ते मान खाली घालूनच आलं, ज्याची चूक होती तेही आणि ज्याची नव्हती तेही. वहिनीला त्याचं हसू येत होतं, पण हसायची ती वेळ नव्हती. ती कोपऱ्यात टँकरच्या पंपाचा फिल्टर उघडून घासत बसली होती. फिल्टर कालच साफ केलेला होता. हातात काम असलं की माणसाला कुणी प्रश्न विचारत नाही, असा तिचा या घरातला आजवरचा अनुभव, आणि सध्या तिला एक प्रश्न चुकवायचा होता. गेल्या आठवड्यात आत्याच्या उतारावर तिचे सासरे, अप्पा, वॉकीटॉकीवर नेमकं काय म्हणाले, हा तो प्रश्न.

दुपारी विम्याचा सर्व्हेअर यायचा होता. तो यायच्या आत सगळ्यांनी मिळून काय सांगायचं ते ठरवावं, म्हणून छोटीने ही बैठक बोलावली होती. छोटी म्हणजे वहिनीची नणंद. चाळिशी उलटली, केस पिकायला लागले, धंद्याचं ऑफिस एकटीच्या जिवावर चालवते, पण घरात अजून छोटीच.

धंदा तसा सांगायला विचित्र होता. आग लावायचा. उन्हाळा तापायच्या आत लोकांच्या बागांच्या, गोठ्यांच्या, वस्तीच्या कडेचं वाळलं गवत मुद्दाम, वारा बघून, पट्ट्यापट्ट्यानं जाळून टाकायचं, म्हणजे पुढे वणवा आलाच तर त्याला खायला काही उरत नाही. तिसरी पिढी हेच करत होती. लोक त्यांना तोंडावर 'आगलावे' म्हणत आणि या घराला त्याचा राग येत नसे. छोटीला तर ते नाव टँकरवर रंगवून घ्यायचं होतं, अप्पांनी डोळे वटारले म्हणून राहिलं.

सध्या मात्र हा शब्द घरात कुणी काढत नव्हतं. या खेपेला त्यांनी आपल्याच माणसाचं जाळलं होतं.

आत्या, अप्पांची धाकटी बहीण. वाटणीत तो खडकाळ उतार तिच्या वाट्याला आला तेव्हा सगळे हळहळले होते आणि तिनं तो हसत घेतला होता. त्यावर तिनं काही पेरलं नाही, बांधलं नाही, विकायचं तर नावच नाही. जे गवत तिथं मुळात उगवत होतं तेच जपलं, आणि त्या गवतात येणारी रानफुलं. लोक म्हणाले, बाई वेडी आहे. पुढं लांबलांबून माणसं भिंगं घेऊन ती फुलं बघायला यायला लागली, तेव्हा तेच लोक म्हणायला लागले, आमच्या चांगल्या ओळखीच्या आहेत.

उताराच्या वरच्या अंगाचं गवत माजलं की फुलांचा जीव गुदमरतो, म्हणून काही वर्षांनी ते जाळावं लागे. ते काम अर्थातच भावाकडे. खालच्या खोलगट तुकड्याला मात्र आग लावायची नव्हती. तिथली फुलं उशिरा धरतात. त्यांचं बी अजून दांड्यांवरच होतं, झडायचं होतं. त्यात आग शिरली म्हणजे यंदाची फुलं गेलीच, पुढच्या कित्येक वर्षांचीही गेली.

आणि नेमका तोच तुकडा जळला. वारा फिरला नव्हता की ठिणगी उडाली नव्हती. थोरल्याने, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याने, तेल ठिबकणारी मशाल हातात धरून तो नीट, रांगेत, शिकवल्याप्रमाणे पेटवला होता.

"मी परत एकदा सांगते," छोटी म्हणाली. पिंपांवर फळी टाकून केलेल्या टेबलाशी ती उभी होती, एका बाजूला अप्पा, दुसऱ्या बाजूला थोरला. "हुकूमच चुकीचा दिला असेल, तर ज्याच्या नावावर मुख्य परवाना आहे तो जबाबदार. हुकूम बरोबर होता पण हाताखालच्या माणसानं पाळला नाही, तर तो माणूस जबाबदार. सर्व्हेअरनं फोनवर मला हे दोनदा समजावलं. तिसरं काही नसतं म्हणाला."

"मग अवघड काय आहे त्यात?" अप्पा म्हणाले. "मी 'ठेव' म्हणालो. यानं पेटवलं."

"तुम्ही 'सोड' म्हणालात," थोरला म्हणाला. त्याची नजर समोरच्या कपावर होती. "मी परत म्हटलं, 'सोडतो.' तुम्ही 'हो' म्हणालात."

"मी माझ्या बहिणीची फुलं जाळायला सांगीन?"

"मी माझ्या आत्याची फुलं आपल्या मनानं जाळीन?"

हे एवढंच बोलणं त्यांचं गेल्या आठवड्यापासून चाललं होतं, आणि एवढं बोलून झालं की दोघंही तोंडात मिठाची गुळणी धरून बसत. वहिनीला हे पाठ झालं होतं.

आगीवर बोलायची या घराची भाषा वेगळी होती. अप्पांच्या वडिलांनी घालून दिलेली. 'सोड' म्हणजे आग सोड, पेटव. 'ठेव' म्हणजे आहे तसं ठेव, हात लावू नकोस. 'राख' हा शब्द तर आगीवर उच्चारायचाच नाही, कारण राखायला सांगितलं की राख करायला सांगितलं हे धुरात कुणाला कळणार? आणि उलट प्रश्न करायचा नाही. ऐकलेला शब्द परत म्हणायचा, वरून 'हो' आलं की कामाला लागायचं. आग पेटलेली असताना वाद घालत उभं राहिलं तर माणूस मरतं, असं अप्पा म्हणत, आणि ते खरंच होतं.

वहिनी या घरात आली तेव्हा तिला ही भाषा परकी होती. पहिल्याच कामावर थोरला तिला म्हणाला, "सोड," आणि तिनं हातातली मशाल सोडून दिली, थेट त्याच्या बुटांवर. बुटांना पडलेलं भोक तो कितीतरी दिवस पाहुण्यांना दाखवत असे. आता तिचाही कान असा तयार झाला होता की वॉकीटॉकीच्या खरखरीतून तिला बाकी काही कळो न कळो, 'सोड' आणि 'ठेव' बरोबर कळत.

त्या दिवशीही कळलं होतं. ती टँकरपाशी होती, पंप नुकताच बंद केला होता, आणि तिनं स्वच्छ ऐकलं होतं. अप्पा 'सोड' म्हणाले होते.

मग तिनं हे सांगितलं का नाही? संध्याकाळी छोटीने विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "पंपाच्या आवाजात काही कळलं नाही गं." तोंडातून निघून गेलं, आणि एकदा निघाल्यावर ते परत घेणं दिवसेंदिवस जड होत गेलं. टँकर चालवायला तिला अप्पांनी शिकवलं होतं. सगळे दात काढत असताना शेजारच्या सीटवर शांत बसून, एकदाही आवाज न चढवता. त्या माणसाला खोटं पाडायचं? आणि अप्पा खोटं बोलणाऱ्यातले नव्हतेच. या वयात अंगावर आलेली गोष्ट मुलाच्या डोक्यावर फोडतील असे तर मुळीच नव्हते. मग ते असं का म्हणत होते, हे तिला समजत नव्हतं, आणि जे समजत नाही ते बोलायला तिची जीभ उचलत नव्हती. थोरल्याने मात्र तिला एकदाही विचारलं नव्हतं. रोज रात्री तो कूस बदलून झोपायचा, आणि तो वाट बघतोय हे तिला पाठीकडूनही कळायचं.

"माझं ऐका," छोटी म्हणाली. "रागावू नका कुणी. दादानं घ्यावं आपल्या अंगावर."

थोरल्याने मान वर केली.

"नीट ऐक. तुझा परवाना साधा आहे. एखादा हंगाम स्थगित होईल, परत मिळेल. अप्पांचा गेला तर या वयात परत कोण देणार? आणि मुख्य परवाना एकच आहे आपल्या घरात. तो गेला की टँकर शेडमध्ये, पाइप दांडीवर, आणि हाताखालची पोरं दुसऱ्यांच्या कामावर."

"म्हणजे मी सांगायचं, की मला 'ठेव' म्हणाले आणि मी पेटवलं."

"तसंच काही नाही. लक्ष नव्हतं म्हण. थकलो होतो म्हण."

"आगीवर लक्ष नव्हतं म्हणू?" थोरला हसला, पण ते हसू बघवत नव्हतं. "बरं. तेही म्हणतो. सगळं घेतो मी अंगावर. फक्त अप्पांनी एकदा, इथं, आपल्यात, माझ्याकडं बघून म्हणावं, की मी 'सोड' म्हणालो होतो. बास. मग बाहेर मी काहीही सांगायला तयार आहे."

"जे म्हणालोच नाही ते कसं म्हणू?" अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. तो थोडा फाटला, आणि वहिनीच्या हातातला ब्रश थांबला.

छोटी चहाचं निमित्त करून तिच्याजवळ आली. हळूच म्हणाली, "वहिनी, तू काही ऐकलं नाहीस ना? मग तसंच राहू दे. सर्व्हेअर विचारील तुला. पंपाचा आवाज होता म्हणून मोकळी हो."

"आणि तुला काय वाटतं? काय झालं असेल?"

"मला काय वाटतं ते आज कुणी विचारतंय का?" छोटी म्हणाली. मग कपात साखर ढवळता ढवळता पुटपुटली, "अप्पा विसरले असतील गं. वय झालं. पण ते मी त्यांच्या तोंडावर म्हणू?"

म्हणजे छोटीलाही ठाऊक होतं. भावाचा परवाना पुढं करून ती बापाचं म्हातारपण झाकत होती. वहिनीला आतापर्यंत तिचा राग येत होता, तो त्या क्षणी गेला आणि नुसतं वाईट वाटत राहिलं.

तेवढ्यात आत्या आली. पाइपांखालून न वाकता आत आलेली ती एकटीच, कारण तिची उंचीच तेवढी. पायांत मातीचे बूट, कपाळावर काजळीचा फराटा. गेले काही दिवस ती त्या काळ्या तुकड्यातच बसून असते असं कळलं होतं, पण भावाकडे ती आली नव्हती, आणि भाऊही तिच्याकडे गेला नव्हता.

"बसत नाही मी," ती म्हणाली, आणि बसली. "तुमचा विमावाला येतोय असं कळलं. तो मला भरपाई विचारील. त्याच्या आत तुम्हाला सांगून ठेवते. मला त्यातलं काही नको."

"आत्या, असं कसं, तुझा हक्क आहे," छोटी म्हणाली.

"फुलं काय चेकनं उगवतात? आता तिथं पहिल्यांदा तण येणार. माझ्या गवताच्या आधी, फुलांच्या आधी. जळल्या जागी ते पळत येतं. ते हातानं उपटायचं, एकेक ओळखून, आणि जे काही बी उरलंय त्याला उगवायला जागा करून द्यायची. यंदा, पुढल्या वर्षी, त्याच्याही पुढल्या वर्षी. ज्यानं जाळलं त्यानं येऊन ते करायचं. माझी भरपाई ती. कोण येणार तेवढं सांगा, मी निघते."

बाहेर कुणाचा तरी कुत्रा टँकरच्या चाकाशी भुंकत होता.

"तू सांग," आत्या अप्पांना म्हणाली.

"याला विचार."

"तू सांग रे."

"अप्पांना विचार," थोरला म्हणाला.

"छान," आत्या म्हणाली. "म्हणजे आपोआप जळलं. गवतालाच वाटलं, कंटाळा आला, पेटू या." मग ती खुर्चीतच वळली. "सूनबाई, तू होतीस ना तिथं? तो फिल्टर ठेव खाली. भोक पडेल त्याला."

वहिनीने फिल्टर खाली ठेवला. हात पुसले. छोटी तिच्याकडे डोळे मोठे करून बघत होती. अप्पा बघत होते, अगदी निर्धास्त, कारण त्यांना पक्कं माहीत होतं की ते काय म्हणाले होते. बघत नव्हता तो एकटा थोरला. तो कपाचा कान चाचपत होता, आणि त्याचं ते न बघणंच तिला सोसेना.

"पंप बंद होता," ती म्हणाली. "मी खोटं बोलले. मला ऐकू आलं होतं."

"वहिनी," छोटी म्हणाली.

"अप्पा, तुम्ही 'सोड' म्हणालात."

अप्पांनी तोंडावर मारल्यासारखी मान मागे घेतली. "तुलाही तसंच वाटतं?" ते म्हणाले. "मी खोटारडा?"

"नाही हो अप्पा. खोटारडे नाही. मला कळतच नाहीये." वहिनीचे डोळे भरून आले आणि तिला स्वतःचाच संताप आला. "तुम्ही म्हणालात हे मी ऐकलं. आणि तुम्ही खोटं बोलत नाही हेही मला माहीत आहे. या दोन्हीचं काय करू ते मला कळेना, म्हणून गप्प बसले होते."

थोरल्याने कप खाली ठेवला. त्यानं तिच्याकडे पाहिलं, पण जिंकल्यासारखं नाही. आता त्यालाही बापाची कीव येत होती, आणि ती यावी असं त्याला मुळीच वाटत नव्हतं.

"थांबा," आत्या म्हणाली. "नुसतं 'सोड'? एवढाच शब्द? अख्खं वाक्य काय होतं?"

"अख्खं म्हणजे..." वहिनीने डोळे मिटले. वॉकीटॉकीची खरखर, धुराचा वास, वर टेकाडावर खुर्ची टाकून बसलेले अप्पा. गुडघे गेल्यापासून ते तिथूनच बघत आणि तिथूनच सांगत. "'खालचा तुकडा...' नाही. 'खालचा तेवढा तुकडा सोड रे.' असं म्हणाले."

"हो," थोरला म्हणाला. "अगदी असंच."

"'तेवढा'? आणि 'रे'?" छोटी म्हणाली. "अप्पा, आगीवर तुम्ही कधी 'रे' म्हणता?"

अप्पा बहिणीकडे बघत होते. आत्याचा चेहरा पार बदलला होता. इतका वेळ ताठ बसलेली ती बाई एकदम लहान दिसायला लागली.

"हे तर माझं वाक्य आहे," ती म्हणाली.

"कुणाचं?"

"माझं. मी म्हणायची, बाबांना. फ्रॉकातली होते मी तेव्हा." ती अप्पांशीच बोलत होती. "तुझ्या हातात तेव्हा नुसती पाण्याची बादली असायची. बाबा जाळत निघाले की मी त्यांच्या पुढं पळायची आणि फुलं दिसली की ओरडायची. 'बाबा, तेवढा तुकडा सोडा ना, तेवढा सोडा.' आठवतं?"

"तू फार ओरडायचीस," अप्पा हळूच म्हणाले.

"आणि एकदा धूर फार होता. कोण ओरडतंय हे बाबांना दिसलंच नाही. त्यांना वाटलं मजूर विचारतोय, सोडू का. त्यांनीच पुढं होऊन पेटवलं. मी जेवले नव्हते रे त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी बाबांनी आपल्याला समोर बसवलं आणि सांगितलं, आजपासून वाचवायचं असेल तर 'ठेव' म्हणायचं."

लग्न होऊन आल्यावर वहिनीला हे दोन शब्द शिकवले गेले होते, पण ते कशातून आले हे कुणी सांगितलं नव्हतं. कदाचित ते ठाऊक असलेली दोनच माणसं उरली होती, आणि त्यांतला एक विसरला होता.

अप्पांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकला. हातांआडूनच ते बोलले. "वरून मला ती फुलं दिसली. वाळून गेली होती, पण दांडे उभे होते. मला वाटलं, ही अजून पळतेय बाबांच्या पुढं. मी तिच्यासाठी सांगत होतो. 'वाचव' म्हणत होतो मी. मला खात्री होती की मी 'ठेव' म्हणालो, कारण मला तेच म्हणायचं होतं." त्यांनी हात खाली घेतले. "मी घरातलं बोललो. आगीवर बसून घरातलं बोललो."

थोरला उठला, टेबलाला वळसा घालून गेला आणि बापाच्या शेजारी बसला. जवळ नाही, एक खुर्ची मध्ये ठेवून. पण त्या बाजूला.

सर्व्हेअर आला तो पाइपांवर डोकं आपटूनच. उंच, सडपातळ माणूस, नाकाला रुमाल. धुराची ॲलर्जी असून हे काम का घेतलं असं त्याला छोटीने विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "मी बुडालेल्या बोटींचे दावे बघतो खरं तर. इकडचा माणूस रजेवर आहे." आत्याचं म्हणणं त्यानं आधी लिहून घेतलं. भरपाईत तण उपटणारा माणूस मागितलेला त्यानं आजवर पाहिला नव्हता. मग अप्पांकडे वळला.

"तर तुकड्याबद्दल हुकूम काय होता?"

"'सोड'," अप्पा म्हणाले.

"म्हणजे लावू नका."

"नाही. म्हणजे लावा."

सर्व्हेअरने रुमाल खाली घेतला. "सोडा म्हणजे लावा?"

मग सगळं सांगावं लागलं. छोटीने सांगितलं, थोरल्याने दुरुस्त केलं, वहिनीने मशाल बुटांवर पडल्याचीही गोष्ट सांगितली. सर्व्हेअर लिहिता लिहिता थांबला, आणि त्याला मनापासून वाईट वाटतंय हे दिसत होतं.

"मला कळलं," तो म्हणाला. "दोघांनी एकच शब्द वापरला आणि दोघांचं खरं होतं. पण मला इथं एकच लिहिता येतं हो. हुकूम चुकला, की पाळणारा चुकला."

छोटीने थोरल्याकडे पाहिलं. अजूनही वेळ होता. थोरला तोंड उघडणार, तोच अप्पांनी हात लांबवून त्याच्या दंडावर ठेवला.

"हुकूम चुकला," ते म्हणाले. "आमच्यात 'सोड' म्हणजे पेटव. मीच सगळ्यांना शिकवलं. त्यानं बरोबर पाळलं. लिहा."

"आजोबा, तुमचा परवाना जाईल. परत अर्ज करायचा म्हटलं तर वयाची अट आहे."

"मला वाचता येतं. लिहा तुम्ही."

"थांबा," थोरला म्हणाला. "लिहा ते, पण माझंही ऐका. मला माहीत होतं तिथं काय आहे ते. मशाल टेकवायच्या आधी माझ्या मनात आलं होतं, की अप्पा असं कसं सांगतील."

"मग विचारलं का नाहीस?" अप्पा म्हणाले.

थोरल्याच्या उत्तरात राग नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. "तुम्ही विचारू देत नाही अप्पा. कधीच."

सर्व्हेअरला हे लिहायचं की नाही ते कळेना. शेवटी त्यानं लिहिलं नाही. तो गेला. मग वहिनीने उठून दांड्यांवरचे पाइप उतरवायला सुरुवात केली. या हंगामात ते आता लागणार नव्हते.

परवाना गेला. ठरलेली कामं दुसऱ्यांकडे गेली, आणि त्यांतली दोन तर त्यांच्याच शिकवलेल्या माणसांनी उचलली. छोटीने ऑफिसच्या दारावर 'बंद' असं लिहिलं, मग ते पुसून 'काही काळ बंद' असं लिहिलं. मुख्य परवान्याच्या परीक्षेची पुस्तकं तिनं आणली आणि न बोलता वहिनीच्या उशाशी ठेवून दिली. वहिनी ती टँकरमध्ये बसून वाचायची, शेजारच्या सीटवर अप्पा असायचे, आणि ती अडली की तिथूनच सांगायचे.

काळ्या तुकड्यावर हिरवं दिसायला लागलं तसं आत्याचं बोलावणं आलं. एकट्या अप्पांना बोलावलं होतं, गेले सगळे. अप्पांना गुडघ्यांमुळे खाली बसवत नव्हतं, म्हणून थोरल्याने त्यांच्यासाठी बुटकं स्टूल करून आणलं होतं, आणि ते एका जागेवरून दुसऱ्या जागी उचलून ठेवायचं कामही तोच करत होता. दोघं फार बोलत नव्हते, पण स्टूल कुठं ठेवायचं यावरून त्यांची कुरकुर चालायची, आणि ती ऐकून वहिनीला बरं वाटायचं.

तण ओळखणं सोपं नव्हतं. उगवताना सगळंच सारखं दिसतं, दोन पानं आणि एक दांडा. आत्या रांगेतून फिरत होती, वाकून बघत होती, कुणाच्या हातावर चापटी मारत होती. छोटीने तीन चांगली रोपं उपटल्यावर तिला दगड वेचायला लावलं होतं.

अप्पांनी खाली वाकून एका रोपाला बुडाशी धरलं. पानांच्या कडा थोड्या लालसर होत्या.

"ते सोड रे," मागून आत्या म्हणाली.

अप्पांचा हात जागच्या जागी थांबला. त्यांनी रोप उपटलं नाही, आणि बोटंही काढली नाहीत. शेजारी थोरल्यानेही हात थांबवला. वहिनीने रांगेच्या दुसऱ्या टोकावरून मान वर करून पाहिलं.

अप्पा स्टुलावरच अर्धे वळले.

"सोड म्हणजे?" त्यांनी विचारलं.

आत्या त्यांच्याजवळ आली, मातीत बसली, आणि त्यांची बोटं आपल्या हातानं एकेक करून सोडवली.

"म्हणजे राहू दे," ती म्हणाली. "फूल आहे ते."